आबांची कवळी आणि भोकरदनची सुपारी

टक्‌. कल्हई केलेली तांब्याची वाटी, तिच्यात रात्रभर पाण्याखाली निजलेली दातांची जोडी, आणि पहाटे ती उचलताना वरची पंगत खालच्या पंगतीवर आपटून होणारा तो कोरडा, चिनी मातीचा आवाज. जालन्याच्या मस्तगडातल्या आमच्या घराची सकाळ कोंबड्याने होत नसे, देवळातल्या घंटेनेही होत नसे. ती त्या एका आवाजाने होई. त्यामागोमाग वास येई: लवंगेच्या तेलाचा तिखट वास आणि त्याखाली गंधकाची पुसट, जळकट झाक असलेला, कवळीच्या तांबड्या रबराचा वास. तो आला की आई डोक्यावरचा पदर पुढे ओढी, माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, तपकिरीची डबी लपवीत, आणि मी अंथरुणातच उठून बसे. आबा दात घालत आहेत, म्हणजे आता घरात हुकूम सुरू होणार, हे सर्वांना कळलेले असे.

आज माझ्याही उशाशी एक डबी असते. प्लॅस्टिकची, गुलाबी, झाकणावर फूल असलेली. माझी कवळी करून देणारी डॉक्टर मुलगी माझ्या नातीच्या वयाची आहे. "आजी, टोचतं का हो?" असे ती इतक्या मायेने विचारते, की टोचत नसले तरी थोडे टोचते म्हणावेसे वाटते. तसे म्हणण्याची विद्या मी कुणाकडून शिकले, ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतले आहे.

आमच्या घराचा कायदा आबांच्या जबड्यात राहत असे. आबा म्हणजे माझे आजोबा, केदारखेड्याचे पाटील. जमीन केदारखेड्याला, मस्तगडातले घर बाजारासाठी, कचेरीच्या कामांसाठी आणि नंतर माझ्या शाळेसाठी घेतलेले. पण आबा जिथे बसत तिथे गाव होई. त्यांना बोलायला फार लागत नसे. ते नुसता जबडा आवळीत, आणि समोरच्याचे म्हणणे अर्ध्यावर संपे. त्यांच्या दाढांविषयी केदारखेड्यात ज्या गोष्टी सांगत, त्या दुसरीकडे तलवारींविषयी सांगतात. आमच्या घराण्याचा रिवाजही त्या दाढांवरच उभा होता. इतर घरांत सोयरीक ठरली की सुपारी अडकित्त्याने फोडतात किंवा दगडाने ठेचतात. आमच्याकडे ती घरातल्या कर्त्या पुरुषाने, पाहुण्यांच्या देखत, स्वतःच्या दाढेखाली फोडायची. ती फुटल्याचा आवाज बैठकीच्या टोकापर्यंत गेला की शब्द पक्का. "अडकित्ता हे बायांचं हत्यार," असे आबा म्हणत. त्या बायांपैकी कुणाची सोयरीक कुणाच्या दाढेखाली फुटते आहे, याचा विचार करायला त्या हत्याराला कधी बोलावले गेले नव्हते.

आणि मग आबांचे दात पडू लागले. हिरड्यांतून पू येई, दात हलत, आणि एकेक दात त्यांना सोडून जाई. उरलेसुरले ओढून काढावे लागले. ज्वारीची भाकरी आणि जवसाचा ठेचा यांवर वाढलेला तो माणूस आता दुधात कुस्करलेली भाकरी चमच्याने खाऊ लागला. गाल आत गेले, हनुवटी नाकाला भेटायला वर आली. त्यांनी बोलणेच सोडले. हुकूम नसलेले घर काही काळ मोठे सुखात होते. पण त्याची सवय नसल्याने सगळ्यांना चुकल्यासारखे वाटे. दादा तर दारात उभे राहून, बाहेर जाऊ की नको, हे विचारायला माणूस शोधीत.

शेवटी मिर्झासाहेबांना बोलावणे गेले. ते दंदानसाज होते, म्हणजे दात घडवणारे कारागीर. पण कारागीर हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याची कुणाची छाती नव्हती. हैदराबादच्या अमीर-उमरावांचे जबडे आपल्या हाताखालून गेले आहेत, असे ते सांगत, आणि कोणता नवाब कोणत्या दाताने हसतो याची वर्णने एखादी गझल पेश करावी तशी करीत. अंगात काळी शेरवानी, बोटांत अंगठ्या, आणि बरोबर कातडी पेटी. त्यांनी आबांच्या तोंडात कालवलेले प्लास्टर भरले, तेव्हा आबांचे डोळे कपाळाला गेले. दादांनी "आबा, आबा!" असा हंबरडा फोडला. मिर्झासाहेब शांतपणे म्हणाले, "घबराओ नक्को. पटेल साब का मूँ छप रा है."

तोंड छापले गेले, आणि काही दिवसांनी मखमली डबीतून दात आले. गल्ली जमली. आबांनी ते घातले, जबडा मिटला, आणि सगळे स्तब्ध झाले. कारण आबा हसत होते. मिर्झासाहेबांनी नवाबी मापाने घडवलेले ते दात इतके लांब आणि इतके शुभ्र होते, की त्यांच्यावर ओठ पुरत नव्हते. मनात संताप असो की शोक, चेहऱ्यावर एकच अखंड, दिलदार हास्य. जन्मात कधी न हसलेला माणूस आता शिव्या देतानाही हसू लागला. ते केदारखेड्याला गेले, तेव्हा याचा परिणाम लगेच दिसला. ज्यांची मान वर होत नसे ती माणसे जवळ येऊन बसू लागली. कुणी विहिरीवरची आपली पाळी आधी मागितली, कुणी पेरणीसाठी बैलजोडी मागितली. आबांनी "न्हाई" म्हणून दात दाखवले, आणि समोरच्याने ते हास्य पाहून बैल सोडून नेले. आबा तणतणत मस्तगडाला परतले. "मिर्झाला बोलवा," ते म्हणाले. म्हणजे तसे म्हणाल्याचे आम्ही ठरवले. जिभेला जागा नव्हती, आणि प्रत्येक 'स', प्रत्येक 'श' वरच्या दातांच्या फटीतून शिट्टी होऊन बाहेर पडत होता.

त्याहून वाईट दुखणे होते. खालची कवळी एका जागी ठरत नसे. घास घेतला की डावी बाजू वर उठे, आणि उजवी हिरडीत रुते. मिर्झासाहेब परगावी होते, तोवर घरचे उपाय सुरू झाले. एका शेजाऱ्याने सोनाराची कानस आणून दिली. दुसऱ्याने मलमलीची घडी खाली घालायला सांगितली. तिसऱ्याने बाभळीचा डिंक सुचवला, आणि दादांनी तो एवढा घट्ट शिजवला, की कवळी बसली ती बसलीच. दुपारपर्यंत ती निघेना. आबा कोमट पाण्याच्या गुळण्या करीत ओसरीवर बसले होते, चेहऱ्यावर तेच प्रसन्न हास्य, आणि दादा भिंतीआडून विचारीत होते, "सुटलं का हो, आबा?"

मिर्झासाहेब आले. डिंकाची हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अजी पटेल साब, दाँत हैं के टपाल का लिफाफा? दाँत तो शेरवानी जैसा रहता. पैले दिन तंग, फिर धीरे धीरे बदन पे बैठता. मगर हर आठ रोज दर्जी कू दिखाना पड़ता." त्यांनी लांब दात घासून थोडे आखूड केले आणि टोचण्याची जागा शोधण्याची रीत दाखवली. सफेदा, म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी, तुपात कालवायचा, कवळीच्या आतल्या अंगाला त्याचा पातळ हात द्यायचा, कवळी तोंडात बसवून दाबायची, आणि हलकेच काढून पाहायची. "जिधर सफेदा मिट गया, उधर काट रा. बस, उतनाच घिसना. जादा नक्को." शिवाय रोज तासभर मोठ्याने वाचायचे, जीभ आणि दात यांची ओळख झाल्याशिवाय बोलणे सुधारत नाही, असे त्यांनी बजावले.

रीत सोपी होती. प्रश्न होता ती करायची कुणी. आई सून, सासऱ्याच्या चेहऱ्याकडे मान वर करून पाहायची चाल नव्हती, मग तोंडात पाहणे कुठले! दादांना वडिलांच्या तोंडात बोट घालायचे म्हणताच घाम फुटला. आजी मी जन्मण्यापूर्वीच गेलेली. गड्यांपुढे तोंड उघडले तर केदारखेड्यात तोंड दाखवायला नको. अशा रीतीने, जिच्यापासून घराण्याच्या अब्रूला काही धोका नाही असे मानले जात होते, त्या माझ्याकडे ते काम आले. मी शाळेची शेवटची इयत्ता शिकत होते आणि कवितांनी झपाटलेली होते.

संध्याकाळी अंगणात सडा पडला की आम्ही बसत असू. ओल्या मातीचा वास, शेजारच्या चुलीवर तापलेल्या तव्याचा वास, आणि माझ्या बोटांवर तूप. वाटीतून कवळी उचलायची, फडक्याने टिपायची, सफेदा लावायचा. आबा डोळे मिटून तोंड उघडीत. एवढा मोठा माणूस तेव्हा चोच वासलेल्या पिलासारखा दिसे. कवळी काढली की त्या दुधाळ थरात कुठेतरी एक तांबडा ठिपका उघडा पडलेला असे, बोराएवढा, कधी डाळीएवढा. तिथे मी बारीक कानशीने दोन हात फिरवी, मग ओल्या राखेने गुळगुळीत करी. पुन्हा सफेदा, पुन्हा चोच. आबांच्या कपाळावरची एक आठी उलगडली की आपण योग्य जागी पोहोचलो हे मला कळे. एखाद्या ओळीतली अडखळणारी मात्रा सापडावी, तसा आनंद मला त्या ठिपक्यांनी दिला आहे.

मग वाचन. मी एक ओळ म्हणायची, त्यांनी ती पुन्हा म्हणायची. वृत्ताचा त्यांना फार उपयोग झाला. प्रत्येक गणावर ते बैल नांगराला जुंपावा तसे दात जुंपीत. पण टीका केल्यावाचून राहत नसत.

"ही बाई सारखी रडून का राह्यली?" त्यांनी एकदा विचारले.

"तिचा नवरा दूर गेलाय, आबा."

"मंग शेत कोण बघतं?"

"कवितेत शेत नाही."

"म्हणूनच रडून राह्यली," आबा म्हणाले, आणि पुढची ओळ शिट्टीसह म्हणू लागले. हळूहळू 'स' वळणावर आला. 'श' मात्र हट्टी. तो येताना नेहमी आपला पावा वाजवीत येई.

याच दिवसांत भोकरदनच्या भगवंतरावांचा निरोप आला. त्यांच्या मुलासाठी मुलगी, म्हणजे मी, पाहून झालीच होती. आता सुपारी फोडायला कधी यावे? मुलगा चांगला होता, असे सगळे म्हणत. त्याला विशेष काही येत नव्हते, आणि येण्याची गरजही नव्हती. माझ्या मास्तरीणबाईंनी मात्र दादांना सांगितले होते, की हिला औरंगाबादेस पुढच्या शाळेत घाला, तिथे मुलींना राहायची सोय आहे, मी शब्द टाकते. दादांनी ते आबांना सांगितले. आबा म्हणाले, "आधी सुपारी होऊ द्या. मंग बघू." सुपारीनंतर बघायला काय उरते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

आता माझी गंमत पाहा. आबांचे दात नीट बसल्यावाचून सुपारी फुटणार नव्हती, आणि दात नीट बसवण्याचे काम माझ्याकडे होते. एकेक ठिपका घासला जाई, आबांचा एकेक घास सुखाचा होई, आणि भोकरदन एकेक कोस जवळ येई. आई चुलीपाशी बसून माझ्याकडे पाही. एकदा ती हळूच म्हणाली, "कौसे, तू तुझीच सुपारी घासून राह्यली गं." मी कानस फिरवत राहिले. दुखऱ्या हिरडीवर रुतणारी कवळी डोळ्यांना दिसत असताना हात आखडता घेणे मला जमण्यासारखे नव्हते. मी फक्त देवाला म्हणे, की काहीतरी कर. देव तेव्हा कशात गुंतला होता कोण जाणे.

मिर्झासाहेबांना सुपारीचा बेत कळला तेव्हा ते पांढरेफटक पडले. "पटेल साब, ये दाँत बोलने कू हैं, तोड़ने कू नक्को! मेरी इज्जत का सवाल है." आबा म्हणाले, "आणि माझ्या इज्जतीचा न्हाई?" दोन इज्जतींच्या मध्ये दादांनी तोड काढली: आईने एक सुपारी कितीतरी दिवस दुधात भिजत घातली. ती फुगून, मऊ होऊन, उकडलेल्या बोरासारखी झाली. बोटाने दाबली तरी खचे. आवाजाचे काय, असे आईने पदराआडून विचारले. तेव्हा दादा म्हणाले, त्याच वेळी मी खोकेन.

पाहुणे आले. सतरंज्या, लोड, गुलाबपाणी. आबा फेटा बांधून मध्यभागी, दात झळकवीत. दादा मऊ सुपारीचे तबक घेऊन पुढे सरसावले, आणि भगवंतराव हसून म्हणाले, "अहो, हे काय! सुपारी मुलाकडची असती." आमच्या घरात इतकी वर्षे सोयरीकच झाली नव्हती, आणि सुपारी कशी फोडायची यावर घराण्याने एवढा अभिमान खर्चला होता, की ती आणायची कुणी हे सगळे विसरून गेले होते. भगवंतरावांनी चंचीतून एक सुपारी काढली. जुनी, ठणठणीत, गोटीसारखी. त्यांनी ती तबकात टाकली, तेव्हा टणकन आवाज झाला. दादांना खोकला आला, पण तो फार लवकर आला.

आबांनी सुपारी उचलली. ती डाव्या दाढेखाली ठेवली, डोळे मिटले, आणि जबडा आवळला. मी दाराआड आईचा हात धरून उभी होते. कडाड्! बैठकीच्या टोकापर्यंत आवाज गेला. "फुटली! फुटली!" पाहुणे उठले, कुणी साखर वाटायला घेतली. भगवंतरावांनी तुकड्यासाठी हात पुढे केला. आबा मात्र जबडा आवळूनच बसून राहिले. मग त्यांनी दाराकडे पाहून पिकदाणीची खूण केली. आईने मला पुढे ढकलले. मी पिकदाणी धरली. आबांनी उपरणे आडवे घेतले आणि वाकले. पिकदाणीत जे पडले ते मला एकटीला दिसले. खालच्या कवळीचे दोन तुकडे, एक सुटा दात, आणि त्यांच्यामध्ये अखंड, निर्विकार, भोकरदनची सुपारी.

आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग उपरणे बाजूला केले. खालचा ओठ आत गेला होता.

"फुटली न्हाई," ते म्हणाले.

"आवाज तर झाला की, पाटील!"

"दातांचा झाला."

दादांनी घाईघाईने भिंतीतल्या देवळीतला अडकित्ता काढून पुढे केला. भगवंतराव समजूतदारपणे म्हणाले, "फोडा की अडकित्त्यानं. काय बिघडतं?"

आबांनी अडकित्ता हातात घेतला, उघडला, मिटला, आणि परत दादांच्या हातात ठेवला. "ह्या घरात सुपारी दातानंच फुटती. नवे दात करतो. दात बसले की आपण बसू."

तेव्हा मला वाटले, हा हट्ट आहे. दादांना आणि पाहुण्यांनाही तसेच वाटले, आणि हट्टाला मान देण्याची आपल्याकडे फार जुनी पद्धत आहे.

मिर्झासाहेबांनी हिरड्या पूर्ण भरून येऊ दिल्या, पुन्हा तोंड छापले, आणि या वेळी नवाबांना बाजूला ठेवून आबांच्या मापाचे दात केले. ते पहिल्याच आठवड्यात बसले. मला तर फार घासावेही लागले नाही. आबांचे ओठ मिटू लागले, चेहऱ्यावरचे ते उसने हास्य गेले, आणि केदारखेड्याला बैल परत आले. आबा भाकरी खाऊ लागले, ठेचा खाऊ लागले. पण दर बाजाराला भोकरदनचा माणूस ओसरीवर येऊन बसे आणि विचारी, "आबा, मालकांनी इचारलं, दात बसले का?" आणि आबा गालावर हात ठेवीत. "न्हाई रे अजून. टोचून राह्यलं. इथं, डाव्या अंगाला."

मी संध्याकाळी सफेदा लावी. कवळी काढून उजेडाला धरी. थर साईसारखा सलग, कुठेही ठिपका नाही.

"आबा, सफेदा कुठंच मिटला नाही."

"तुला दिसत न्हाई. उद्या पुन्हा लाव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारणे सोडले. नुसती कवळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तो पांढरा, अभंग थर पाहिला, मला पाहिले, आणि म्हणाले, "वाचायला लाग." आत आई म्हणाली, अर्थात भिंतीला उद्देशून, "काल तर फुटाणे खाऊन राह्यले होते." भिंतीने ऐकून न ऐकल्यासारखे केले. या साऱ्यात खरा छळ झाला तो मिर्झासाहेबांचा. त्यांच्या हातच्या सर्वांत सुरेख कवळीची तालुकाभर अपकीर्ती होत होती. ते तावातावाने आले. "पटेल साब, कैकू बदनाम कर रे मेरे दाँत कू?" आबांनी त्यांना पान दिले. "मिर्झासाहेब, थोडी कळ काढा. नंतर मीच तुमचं नाव करतो."

भगवंतराव कंटाळले. त्यांच्या मुलाची सुपारी दुसरीकडे फुटली, अडकित्त्याने, आणि ती फार बरी फुटली असे ऐकले. ती बातमी आली त्या दिवशी आबांनी ऊस मागवला. मिर्झासाहेबांनी तो खायचा नाही असे बजावले होते, म्हणून गंडेऱ्या करवून घेतल्या. आणि त्या चघळता चघळता दादांना सांगितले, की टोचायचे थांबले, आणि पोरीची पेटी भरा.

ते कधी यावर बोलले नाहीत. मीही विचारले नाही. आमच्या घरात माया करण्याचा रिवाज होता, ती कबूल करण्याचा नव्हता.

जालन्याच्या फलाटावर कोळशाचा धूर होता, आणि त्या धुरातही लवंगेच्या तेलाचा वास माझ्याजवळ उभा होता. दादा पेटी चढवीत होते. मी वाकून पाया पडले. आबांनी अंगठ्याने खालची कवळी दाबून नीट बसवली, मिर्झासाहेबांनी शिकवली तशी, ओठ मिटले, जीभ जागेवर आणली. मी सवयीने शिट्टीची वाट पाहिली. ती आली नाही. स्वच्छ, गोल, कुठेही न अडखळता ते म्हणाले:

"शीक."